श्रमिकांचे पाठीराखे ठाकूर प्यारेलाल सिंह

नवा रायपूर परिसरातील निमोरा येथील पंचायत व ग्रामविकास प्रशिक्षण संस्थेला ठाकूर प्यारेलाल सिंह यांचे नाव देण्यात आले आहे. १८९१ मध्ये जन्मलेल्या या वकिलाने १९२० मध्ये राजनांदगावच्या कापड गिरणीतील कामगारांच्या महिनाभराहून अधिक चाललेल्या संपाचे नेतृत्व केले. कामाचे तास कमी झाले. मात्र पुढे संस्थानाने त्यांना हद्दपार केले आणि रायपूर ही त्यांची कर्मभूमी झाली.

मजुरी वाढूनही मुले निरक्षर राहिली आणि व्यवसाय परक्याच्या हाती राहिला, तर दारिद्र्य पुढील पिढीकडे जाते. ठाकुरांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या शिक्षण संस्थेने १९३८ मध्ये रायपुरात छत्तीसगड महाविद्यालय सुरू केले. १९४५ मध्ये त्यांनी विणकरांचा सहकारी संघ स्थापन केला. १९५४ मध्ये भूदान पदयात्रेदरम्यान त्यांचे निधन झाले.