डेव्हिड डग्लस

डेव्हिड डग्लसचा जन्म १७९९ साली स्कॉटलंडमधील स्कोन येथे एका पाथरवटाच्या घरी झाला. शाळेत मन रमेना, म्हणून बालवयातच तो तेथील राजवाड्याच्या बागेत उमेदवारी करू लागला. पुढे लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने वनस्पती गोळा करण्यासाठी त्यास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठविले. तेथे त्याला आयरिसची एक रानटी जात आढळली. तिच्या पातींच्या धाग्यांचे फास विणून तेथील मूळचे रहिवासी मोठमोठी हरणे धरीत. या चिवटपणावरून तिला ‘टेनॅक्स’ असे नाव मिळाले. कॅलिफोर्नियात त्याने गोळा केलेल्या दुसऱ्या जातीस १८४१ साली ‘डग्लसियाना’ म्हणू लागले. ते ऐकावयास मात्र तो उरला नव्हता.

१८३३ मध्ये फ्रेझर नदीत त्याची होडी फुटली. रोजनिशी गेली, शेकडो नमुने गेले. दृष्टी तर आधीच अधू झाली होती. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता! १८३४ च्या जुलैत हवाई बेटावर, रानबैल पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तो मृतावस्थेत सापडला. खड्ड्यात बैलही होता.

विसाव्या शतकात या दोन जाती व त्यांची भावंडे यांच्या संकरातून नाना रंगांची आयरिस निपजली. सौम्य हिवाळा व कोरडा उन्हाळा त्यांस मानवतो. शरदात नवी मुळे फुटू लागली की मगच त्यांचे कंद हलवितात. एरवी उपटलेले रोप बहुधा जगत नाही.