वाकड्या पायांनी घडवलेला हात

किडलेल्या दाताच्या मुळाचे टोक कापून त्याखालची गाठ खरवडून काढली, की जबड्याच्या हाडात खड्डा उरतो. नांदेड-लातूरच्या दंत महाविद्यालयांतही हे नित्याचे काम. खड्डा लहान असेल तर शरीर तो आपणहून भरून काढते. मोठा असेल, किंवा हाडाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही भिंती फुटल्या असतील, तर डॉक्टर कुपीतली पांढरी भुकटी तिथे भरतात. ती कधी कॅल्शियम फॉस्फेटची असते, कधी खास काचेची, कधी बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली. आणि कधी चक्क दुसऱ्या माणसाच्या हाडाची. हे शेवटचे ऐकले की रुग्ण बिचकतो. परक्याचे हाड आपल्या तोंडात?

या शंकेचे उत्तर शस्त्रक्रियेने देणारा पहिला माणूस म्हणून वैद्यकाचा इतिहास विल्यम मॅक्यूअनचे नाव घेतो. १८४८ साली स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरील रोथसे गावात तो जन्मला आणि ग्लासगोत वैद्यक शिकला. जोसेफ लिस्टरने त्याच शहरात कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धत सुरू केली होती. मॅक्यूअनने ती उचलली आणि पुढे नेली. १८७८ मध्ये घशाजवळच्या कर्करोगाच्या रुग्णाला त्याने तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून भूल दिली; गळा कापायची गरज पडली नाही. आज तोंडातल्या मोठ्या शस्त्रक्रिया ज्या पद्धतीने होतात, तिची ही सुरुवात.

त्याच सुमारास त्याच्याकडे एक लहान मुलगा आला. दंडाचे हाड पू होऊन सडले होते, बराचसा भाग काढून टाकावा लागला होता. हात नुसता लोंबत होता. तो खांद्यापासून कापावा, एवढाच सल्ला इतर कोणीही दिला असता.

त्या काळी ग्लासगोच्या धुराने काळवंडलेल्या गल्ल्यांत मुडदूस घरोघरी होता. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या वाचकाला सूर्य न दिसणारे शहर कल्पावे लागेल! अशा मुलांचे वाकडे पाय सरळ करताना मॅक्यूअन नडगीच्या हाडाची पाचर काढी. एरवी फेकून द्यायचे हे तुकडे त्याने बारीक केले आणि १८७९-८० मध्ये तीन टप्प्यांत या मुलाच्या दंडात बसवले. ते जुळले. हात पुन्हा कामाचा झाला. १८८१ साली रॉयल सोसायटीपुढे त्याचा वृत्तांत गेला.

हाड त्यावरच्या आवरणामुळे वाढते, असे फ्रान्सच्या ओलिएचे मत होते. मॅक्यूअन हट्टाने म्हणत राहिला की हाड स्वतःच हाड घडवते. १९१२ साली त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. या वादात तो पूर्ण बरोबर ठरला नाही. आवरणाला महत्त्व आहेच, शिवाय परक्याच्या हाडातल्या पेशी बहुधा टिकत नाहीत. ते हाड सांगाड्याचे काम करते; रुग्णाच्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्यात शिरतात, जुने हळूहळू विरघळते, नवे जमते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या मार्शल युरिस्टने दाखवले की खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तिथे नवे हाड तयार होते. म्हणजे हाडात बोलावण्याची शक्ती आहे, हे मॅक्यूअनचे म्हणणे अगदीच वाया गेले नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी उभी राहिली. तिथे दात्याचे हाड स्वच्छ करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. अर्थात सांगाडा कितीही चांगला असला, तरी मुळाशी जंतू राहिले तर तो टिकत नाही. लिस्टरचा धडा आधी, मॅक्यूअनचा नंतर.

मॅक्यूअनला १९०२ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी त्याने १९१६ साली क्लाइड नदीकाठी एर्स्किन येथे रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. जिथे हाडच उरले नव्हते, तिथे त्याने जहाजबांधणीच्या कारागिरांना हाताशी धरून लाकडी अवयव करवून घेतले. १९२४ साली ग्लासगोत त्याचे निधन झाले.