सखुबाईचा डेबू
डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, परीट समाज. वडील दारूपायी अकाली गेले. सखुबाई लहानग्याला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. डेबूने मामाची गुरे राखली. व्यसनमुक्तीच्या चर्चेत पिणाराच दिसतो, सखुबाई कुणाला दिसत नाही.

पुढे मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटण हवे होते, रीतच तशी. डेबूजींनी गोड जेवण वाढले. पंगतीतून घरात शिरणारी दारू त्यांनी पंगतीतच अडवली. भाषण देण्यापेक्षा हे कितीतरी अवघड, कारण समोर सगळे आपलेच असतात.

१९०५ मध्ये घर सोडले, हाती झाडू घेतला. कीर्तनात दारू, कर्ज, मुलांची शाळा यांवर गावालाच प्रश्न विचारले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले.