डॉक्टरांना हात धुवायला लावणारा माणूस शेवटी सेप्सिसनेच गेला

२० मार्च २०२०. कोरोनामुळे अख्खं जग दारं लावून घेत होतं आणि गुगलच्या होमपेजवर एक मिशीवाला डॉक्टर हात कसे धुवायचे ते दाखवत होता. बऱ्याच जणांनी ते डूडल बघितलं, हात धुतले आणि विषय संपला. पण त्या मिशीवाल्याला हीच साधी गोष्ट सांगण्यापायी आयुष्य घालवावं लागलं होतं. नाव इग्नाझ सेमेलवाइस.

जन्म १८१८ चा, हंगेरीतल्या बुडा शहरातला. वडिलांचं किराणा मालाचं दुकान. पोरगा वकील व्हायला व्हिएन्नाला गेला आणि वर्षभरातच डॉक्टरकीकडे वळला. १८४६ मध्ये त्याला व्हिएन्नाच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात असिस्टंटची नोकरी लागली.

तिथे दोन वॉर्ड होते. पहिल्यात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या वॉर्डात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका गेल्या. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणं आणि मृत्यू १०५. बाळंत झाल्यावर ताप चढायचा, पोट फुगायचं, नाडी धावायची आणि काही दिवसांत बाई संपायची. याला बाळंतज्वर म्हणायचे.

डॉक्टर काहीही म्हणोत, गावातल्या बायकांना हा फरक पक्का ठाऊक होता. कोणत्या दिवशी कोणत्या वॉर्डात भरती होते याचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. पहिल्या वॉर्डात टाकू नका म्हणून बायका अक्षरशः पाया पडायच्या. काही जणी तर रस्त्यातच बाळंत व्हायच्या. आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, रस्त्यात बाळंत झालेल्या बायका जास्त जगायच्या.

सेमेलवाइसच्या डोक्यात हे घुसलं. गर्दीमुळे म्हणावं तर सुईणींच्या वॉर्डात गर्दी जास्त. हवा म्हणावी तर दोन्हीकडे एकच. मरणाऱ्या बाईजवळ जाताना पाद्री घंटी वाजवत वॉर्डातून जायचा, त्याच्या धसक्याने तर बायका मरत नसतील? त्याने घंटी बंद करायला लावली. फरक शून्य. सुईणी बायकांना कुशीवर झोपवून बाळंत करायच्या, तेही करून झालं. तरीही शून्य.

मार्च १८४७ मध्ये तो सुट्टीवरून परतला तेव्हा त्याचा मित्र, प्राध्यापक याकोब कोलेच्का, वारला होता. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. कोलेच्काच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि तो हादरला. शरीरातली सगळी बिघाडी बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारखीच होती. पुरुषाला बाळंतज्वर कसा होईल?

उत्तर समोरच होतं. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी मुडदे फाडायचे आणि तसेच वॉर्डात येऊन बायकांना तपासायचे. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. सेमेलवाइस स्वतः रोज करायचा, म्हणजे यातले बरेच मृत्यू त्याच्याही हातून झाले होते. हे त्याने पुढे कधी लपवलं नाही.

जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना तेव्हा मान्य झालेली नव्हती. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. मुडद्याचा वास साबणाने जात नाही, क्लोरीनने जातो, एवढाच हिशोब. एप्रिलमध्ये पहिल्या वॉर्डात शंभरातल्या १८ बायका गेल्या होत्या. जूनमध्ये दोन. १८४८ च्या दोन महिन्यांत एकही नाही.

तरी मोठमोठे प्रोफेसर ऐकेनात. रोग दूषित हवेने होतो अशी शिकवण होती, आणि आपणच पेशंट मारले हे कोण कबूल करणार? इथे सेमेलवाइसचीही चूक होती. आकडे हातात असून त्याने वर्षानुवर्षं नीट लिहिलंच नाही. १८४९ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही आणि १८५० मध्ये मित्रांनाही न सांगता त्याने व्हिएन्ना सोडलं. पेश्तच्या दवाखान्यात त्याने सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत बाळंतज्वराचे मृत्यू आठवर आणून दाखवले. पुस्तक आलं ते थेट १८६१ मध्ये. त्यावरही टीका झाली, तेव्हा तो जाहीर पत्रं लिहून युरोपातल्या प्राध्यापकांना खुनी ठरवू लागला. बरोबर असलेला माणूस ऐकायला कठीण होत गेला.

१८६५ च्या जुलैमध्ये त्याला फसवून व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथे रखवालदारांनी मारलं. जखमा चिघळल्या, विष रक्तात भिनलं आणि १३ ऑगस्टला वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरून जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात केली होती.

या विष भिनण्यालाच आज सेप्सिस म्हणतात. संसर्गाशी लढताना शरीराचाच तोल जातो आणि एकेक अवयव बंद पडतो. एका जागतिक अभ्यासानुसार २०१७ मध्ये सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख पेशंट होते, त्यातले १ कोटी १० लाख गेले. बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. तिथल्या अनेक दवाखान्यांत रक्ताची तपासणी होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ताप, जोरात चालणारा श्वास, धावणारी नाडी, घसरलेलं बीपी, कमी झालेली लघवी, पेशंटचं असंबद्ध बोलणं, हे नर्सच्या नजरेत वेळेत येण्यावर सगळं अवलंबून असतं. मग लगेच अँटिबायोटिक आणि सलाईन. आणि त्याआधी, स्वच्छ हात. महागडं सॅनिटायझर परवडत नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते दवाखान्यातच बनवायची कृती सगळ्यांसाठी खुली केली आहे.

बुडापेस्टमधल्या त्याच्या जन्मघरात आता वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय आहे. त्याच्या अस्थीही तिथेच, अंगणातल्या भिंतीत ठेवल्या आहेत. शहरातल्या मेडिकल विद्यापीठाला १९६९ मध्ये त्याचं नाव मिळालं.