नाशिकच्या नाट्यगृहापासून पबजीपर्यंत पोहोचलेलं पिस्तूल बनवणारा जॉन ब्राउनिंग कोण होता?

सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर संध्याकाळी चक्कर टाका. जिथं मोबाईलला रेंज येते तिथं, म्हणजे टेकाडावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर, चार-पाच पोरं माना खाली घालून बसलेली असतात. पबजी नाहीतर बीजीएमआय सुरू असतं. त्यात पी-१९११ नावाचं एक पिस्तूल सापडतं. गोळ्या फक्त ७. मग पोरं एक्सटेंडेड मॅग शोधत फिरतात, ते लावलं की ७ च्या १२ होतात.

आता गेममधला हा खेळ खऱ्या जगातही झालाय. ते ७ गोळ्यांचं पिस्तूल ज्यानं बनवलं, त्याच माणसाच्या शेवटच्या पिस्तुलात पुढं १३ गोळ्या बसल्या. आणि याच माणसाच्या नावाच्या पिस्तुलानं एकदा आपल्या नाशिकचा इतिहास बदलला होता.

त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

जॉनचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. बाप जोनाथन ब्राउनिंग बंदुका बनवणारा कारागीर. मॉर्मन पंथाचा, तीन बायका आणि २२ पोरं असा मोठा खटला. या जोनाथनची एक गंमत होती. बहुतेक बंदुका एकदा उडवल्या की पुन्हा भराव्या लागायच्या, त्या काळात त्यानं आडवी सरकणारी पट्टी असलेली बंदूक काढली. पट्टीत ५ गोळ्या मावायच्या, पण गिऱ्हाइकानं मागितली तर तो २५ गोळ्यांची पट्टीही बनवून द्यायचा. थोडक्यात, जास्त गोळ्या बसवायचं वेड या घरात जॉनच्या जन्माआधीच शिरलं होतं.

जॉन बापाच्या दुकानातच वाढला. दहा वर्षांचा असताना त्यानं भंगारातल्या सामानातून पहिली बंदूक जोडली आणि धाकट्या भावाला घेऊन शिकारीला गेला, असं सांगतात.

१८७९ मध्ये बाप वारला. त्याच वर्षी २४ वर्षांच्या जॉनला पहिलं पेटंट मिळालं. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना टाकला. १८८३ मध्ये त्यांची एक रायफल विंचेस्टर या बड्या कंपनीच्या हाती लागली. कंपनीचा टी. जी. बेनेट हा अधिकारी थेट ऑग्डेनला येऊन धडकला आणि ८ हजार डॉलरला त्या रायफलचे हक्क घेऊन गेला. पुढची १९ वर्षं जॉन डिझाइन करायचा आणि विंचेस्टर विकायची. वेस्टर्न सिनेमात काउबॉयच्या हातात जी रायफल दिसते, त्यातल्या कित्येक याच्याच डोक्यातून आलेल्या.

पण पठ्ठ्याचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. १८८९ च्या सुमाराला एका नेमबाजीच्या वेळी त्याचं लक्ष गवताकडं गेलं. गोळी सुटली की नळीतून येणाऱ्या वायूनं समोरचं गवत आडवं होत होतं. इतरांनी ते हजारदा पाहिलं असेल. जॉनला वाटलं, ही ताकद फुकट जातेय. हीच ताकद वापरून बंदुकीनं स्वतःच पुढची गोळी भरून घेतली तर? यातूनच त्याची मशीनगन आली. पिस्तुलात त्यानं गोळीचा मागं बसणारा धक्का वापरला. धक्क्यानं वरचा भाग मागं सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढं येताना मॅगझिनमधली नवी गोळी उचलून नळीत बसवतो. पिस्तुलाच्या वरच्या त्या सरकत्या भागाला स्लाइड म्हणतात. आज जगातली बहुतेक पिस्तुलं याच पद्धतीनं चालतात.

१९०२ मध्ये रॉयल्टीवरून त्याचं विंचेस्टरशी फाटलं. तो रेमिंग्टनच्या मालकाला भेटायला गेला, तर बाहेर थांबलेला असतानाच मालक हार्टअटॅकनं गेल्याची बातमी आली. मग जॉननं जहाज पकडलं आणि बेल्जियम गाठलं. तिथल्या एफएन कंपनीशी त्याची आधीच ओळख होती. या कंपनीनं त्याची पिस्तुलं लाखांनी बनवली. युरोपात ब्राउनिंग म्हणजेच खिशातलं पिस्तूल, असं समीकरण झालं.

आणि इथंच आपलं नाशिक येतं.

१९०९ मध्ये लंडनमध्ये असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं भारतात पाठवली. चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या चोरकप्प्यात दडवून आणली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आला होता. अनंत कान्हेरे या १७ वर्षांच्या पोरानं त्याला तिथंच गोळ्या घातल्या. कान्हेरेच्या हातातलं पिस्तूल त्या २० पैकीच होतं, असं सरकारी पक्षानं मांडलं. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना पुढं दोन जन्मठेपा झाल्या.

पाच वर्षांनी, २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं गेलं आणि पहिलं महायुद्ध पेटलं. ते पिस्तूलसुद्धा ब्राउनिंगच्याच डिझाइनचं होतं. ऑग्डेनमधल्या या कारागिरानं आपल्या वस्तू कुणाच्या हातात जाव्यात हे कधी ठरवलं नाही, ठरवूही शकला नसता. पण त्याच्या नावामागं हा हिशोब कायमचा लागला.

दरम्यान १९११ मध्ये अमेरिकेच्या सैन्यानं त्याचं पॉइंट ४५ चं पिस्तूल स्वीकारलं. चाचणीत सलग ६ हजार गोळ्या झाडल्या, एकदाही ते अडकलं नाही. हेच ते गेममधलं १९११. ते १९८५ पर्यंत सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं.

त्यात कमी एकच होती. मॅगझिनमध्ये गोळ्या ७.

महायुद्धानंतर फ्रान्सच्या सैन्याला किमान १० गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं. आता यात मेख काय, ते समजून घ्या. गोळ्या एकावर एक रचल्या की मॅगझिनची उंची वाढते, आणि उंची वाढली की पिस्तुलाची मूठ लांब होते. मग ते कमरेला लावणार कसं? यावर एफएनमधला ब्राउनिंगचा सहकारी द्युदोने सेव्ह यानं तोडगा काढला. गोळ्या एका रांगेत न ठेवता नागमोडी, दोन रांगांत रचायच्या आणि तोंडाशी मॅगझिन निमुळतं करून पुन्हा एकेक गोळी वर आणायची. मूठ थोडी जाड होते, पण उंची तेवढीच राहते. ब्राउनिंगनं १९२३ मध्ये या नव्या पिस्तुलाच्या पेटंटसाठी अर्ज केला.

ते पूर्ण झालेलं मात्र त्यानं पाहिलं नाही. २६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममध्ये, एफएनच्या कारखान्यातच, हृदय बंद पडून तो गेला. वय ७१. नावावर १२८ पेटंट. अर्धवट पिस्तूल सेव्हनं पुरं केलं. १९३५ मध्ये ते हाय-पॉवर नावानं बाजारात आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. ज्या फ्रान्ससाठी काम सुरू झालं त्यानं ते घेतलंच नाही, पण जगभरच्या सैन्यांनी घेतलं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात त्यावरूनच आपल्या लष्कराचं ९ एमएम पिस्तूल बनलं.

मग स्पर्धेचा विषय कुठून आला?

१९७६ मध्ये अमेरिकेत आयपीएससी ही संघटना उभी राहिली. यांच्या स्पर्धेत खेळाडू पळत, वळत, आडोशाआडून नेम धरतो. गुण आणि वेळ दोन्ही मोजतात. एका मोठ्या फेरीत जास्तीत जास्त ३२ गोळ्या लागतात. आता गणित करा. ७ च्या मॅगझिनला, नळीत एक जादा गोळी धरली तरी, चार वेळा मॅगझिन बदलावं लागतं. १३ च्याला दोनदा. प्रत्येक बदलात सेकंद जातो, आणि इथं निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. म्हणून मॅगझिनच्या तळाशी लांब टोपण आणि आत जास्त लांबीची स्प्रिंग आली. पुढं १९११ चीच दोन रांगांची, जाड मुठीची भावंडं निघाली. ही शर्यत हाताबाहेर जाऊ नये म्हणून नियमही आले. ओपन गटात मॅगझिनची लांबी १७० मिलिमीटरच्या वर चालत नाही. तेवढ्यातही २८-३० च्या आसपास गोळ्या बसतात.

ऑलिम्पिकमध्ये मात्र ही भानगडच नाही. २५ मीटर पिस्तूल प्रकारात पाच-पाच गोळ्यांची मालिका असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये याच प्रकारात सोनं आणलं, तेव्हा मॅगझिनचा आकार नव्हे, हात किती स्थिर आहे तेच कामाला आलं. आणि आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं पिस्तुलाला परवाना लागतो, ९ एमएम तर सामान्य माणसाला मिळतच नाही. त्यामुळं एक्सटेंडेड मॅगची हौस गेममध्येच भागवलेली बरी.

बापानं पट्टीत २५ गोळ्या बसवल्या, पोराचं पिस्तूल सातवर थांबलं, आणि त्याच्या मागं राहिलेल्या माणसानं ते तेरावर नेलं. टेकाडावर बसून पी-१९११ उचलणाऱ्या पोराला पुढच्या वेळी हे सांगा. आणि हेही सांगा, की त्याच्याएवढ्याच वयाच्या एका पोरानं १९०९ मध्ये याच जिल्ह्यात खरंखुरं ब्राउनिंग हातात घेतलं होतं, आणि तिथं पुन्हा सुरुवात करायला दुसरी मॅच नव्हती.