चार्लस् लॉटन

नटाच्या अंगीं सुंदर रूप असावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्यास निसर्गानें स्थूल देह व जाड ओठांचा चेहरा दिला, असा एक पुरुष केवळ परिश्रमाच्या बळावर थोर नटांच्या पंक्तीस जाऊन बसला. तो पुरुष म्हणजे चार्लस् लॉटन.

लॉटनचा जन्म ता. १ जुलै १८९९ रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, स्कारबरो या समुद्रकांठच्या गांवीं झाला. त्याचे आईबाप तेथें हॉटेल चालवीत. आई निष्ठावंत कॅथलिक असल्यामुळें त्याचें शिक्षण स्टोनीहर्स्ट येथील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयांत झालें. पहिल्या महायुद्धांत तो साधा शिपाई म्हणून लढला व १९१८ सालीं त्यास विषारी वायूची बाधा झाली. युद्धानंतर वडील मुलगा म्हणून घरचा धंदा त्याच्याकडे आला. पण त्यांत त्याचें मन रमेना. फावल्या वेळीं तो हौशी मंडळींबरोबर नाटकें करी. अखेर १९२५ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल अकॅडेमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेंत प्रवेश घेतला, तेथें सुवर्णपदक मिळविलें आणि पुढच्याच वर्षीं धंदेवाईक रंगभूमीवर पाऊल ठेविलें.

१९३३ सालच्या चित्रपटांतील आठव्या हेन्री राजाच्या भूमिकेनें त्याची कीर्ति जगभर झाली व त्यास ऑस्कर पारितोषिक लाभलें. परंतु चित्रपटाच्या धनास न भुलतां त्याच वर्षीं तो अल्प वेतनावर लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहांत शेक्सपिअरचीं नाटकें करण्यास गेला. पुढें १९३५ सालीं बाउंटी जहाजाचा जुलमी कप्तान ब्लाय व ह्यूगोच्या कादंबरींतील कठोर पोलीस अधिकारी जाव्हेर, १९३६ सालीं चित्रकार रेम्ब्रांट, अशीं परस्परांहून अगदीं भिन्न माणसें त्यानें पडद्यावर जिवंत केलीं.

आपल्या रूपाची त्यास जन्मभर खंत वाटे. तरी १९३९ सालीं त्यानें नोत्र दाम मंदिराच्या कुबड्या घंटावाल्याची भूमिका पतकरली. त्या विद्रूप, बहिऱ्या जीवाचें दुःख त्यानें असें दाखविलें कीं, प्रेक्षकांस किळस न येतां करुणाच आली. स्वतःची व्यथाच त्यानें कलेच्या कामीं लाविली.

अपयशही त्यास चुकलें नाहीं. १९५५ सालीं त्यानें दिग्दर्शिलेला एकमेव चित्रपट चालला नाहीं. आज मात्र जाणते त्याची गणना उत्कृष्ट चित्रपटांत करितात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं जखमी सैनिकांस पुस्तकें वाचून दाखवितां दाखवितां त्यास जाहीर वाचनाची गोडी लागली होती. पुढें अमेरिकेंत गांवोगांव हिंडून तो बायबल व इतर ग्रंथांचें वाचन करी. तेथेंच, हॉलिवूडमध्यें, ता. १५ डिसेंबर १९६२ रोजीं त्याचें देहावसान झालें.

रूप आपल्या हातीं नसतें. पण मिळालेल्या रूपाचें चीज करणें आपल्या हातीं असतें, हेंच लॉटनचें चरित्र आपणांस शिकवितें.