स्वीकारलेली मायभूमी

मुंबईहून निघालेली आगगाडी कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, मनमाड, नांदगाव ही स्थानके मागे टाकीत भुसावळकडे जाते. तेथून पुढे मध्य प्रदेशात शिरले, की सातपुड्याच्या रांगा लागतात. त्यांच्या पूर्वेस मैकल पर्वताच्या कुशीत मंडल्याचे अरण्य पसरलेले आहे. सन १९३२ च्या जानेवारी महिन्यात या अरण्यातील करंजिया नावाच्या खेड्यात दोन तरुण राहावयास आले. एक होता महाराष्ट्रातील ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे. दुसरा होता गोरापान इंग्रज. अंगावर मात्र खादीची वस्त्रे! त्याचे नाव व्हेरियर एल्विन.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. त्यांचे वडील बिशप होते. ते आफ्रिकेत धर्मकार्य करीत असताना व्हेरियर लहान असतानाच वारले. ऑक्सफर्ड विद्यापीठात एल्विन यांनी इंग्रजी वाङ्मय आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळविला. अशा विद्वान तरुणाला मायदेशी मानाची जागा सहज मिळाली असती. परंतु आपल्या देशबांधवांनी हिंदुस्थानावर राज्य करून तेथील लोकांकडून पुष्कळ घेतले आहे, त्याची थोडीतरी फेड आपण केली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. सन १९२७ मध्ये ते पुण्यास आले आणि ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात दाखल झाले. तेथील मंडळी साधेपणाने राहात आणि भारतीय रीतीने उपासना करीत.

पुढच्याच वर्षी साबरमतीच्या आश्रमात त्यांनी महात्मा गांधींना पाहिले. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. सत्याग्रहाची बाजू न्याय्य आहे, असे ते उघडपणे लिहू-बोलू लागले. राज्यकर्त्यांच्या जातीचाच एक मनुष्य राज्यकर्त्यांविरुद्ध बोलतो, हे सरकारला कसे रुचावे?

४ जानेवारी १९३२ ची पहाट. एल्विन आणि शामराव मुंबईच्या मणिभवनात गच्चीवर झोपले होते. गांधीजींचाही मुक्काम तेथेच होता. अंधारातच पोलीस गांधीजींना अटक करण्यासाठी आले. तो सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा दिवस. त्यामुळे निरोप द्यायचा तो त्यांनी कागदावर लिहून दिला. मी माझ्या देशबांधवांवर जितके प्रेम करतो तितकेच तुमच्या देशबांधवांवरही करतो, हे त्यांना कळवा, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी एल्विन यांच्या हाती ठेवली. तुरुंगात जाणारा पुरुष तुरुंगात टाकणाऱ्यांविषयी असे लिहितो, हे पाहून त्या तरुणाच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्यानंतर काही दिवसांतच दोघे मित्र करंजियास पोहोचले. वल्लभभाई पटेल आणि जमनालाल बजाज यांनी त्यांना गोंड लोकांची सेवा करण्याचा सल्ला दिला होता.

आता एल्विन यांच्यापुढे शपथेचा प्रश्न उभा राहिला. त्या प्रदेशात धर्मगुरू म्हणून काम करावयाचे तर नागपूरच्या बिशपांचा परवाना लागे, आणि परवान्यासाठी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. वास्तविक इंग्लंडात जन्मलेल्या मनुष्याला ती शपथ घेण्यात अवघड ते काय? चार शब्द उच्चारले की काम झाले. परंतु जे मनात नाही ते ओठांनी म्हणणे एल्विन यांना मानवले नाही. त्यांनी नकार दिला. परवाना गेला, आणि ज्या कार्यासाठी त्यांनी आयुष्य वाहिले होते ते धर्मगुरूचे काम हातचे सुटले. पुढे १९३५ मध्ये त्यांनी चर्चच सोडले.

दुसरा प्रसंग याहून बिकट होता. वायव्य सरहद्द प्रांतात सरकारने चालविलेल्या दडपशाहीची पाहणी करण्यासाठी एल्विन तेथे गेले, तेव्हा त्यांना प्रांताबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले असता भारतात परतण्याची वाट सरकारने अडवली. परत जायचे असेल तर लिहून द्या, असे त्यांना सांगण्यात आले. काय लिहून द्यायचे? गोंडांच्या सेवेपुरतेच काम करीन, कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेणार नाही, चळवळीतल्या माणसांशी शक्य तोवर संबंध ठेवणार नाही आणि सरकारविरुद्ध लेख लिहिणार नाही. इकडे गांधीजी व इतर स्नेही तुरुंगात. तिकडे शामराव आणि करंजियातील रुग्ण वाट पाहात असलेले. सही करावी तर मित्रांकडे पाठ फिरवल्यासारखे होणार. न करावी तर भारत कायमचा दुरावणार! एल्विन यांनी सही केली. काहींना हा त्यांचा कमकुवतपणा वाटेल. पण एकदा दिलेल्या शब्दातून पळवाट न शोधता ते खरोखरच चळवळीपासून दूर राहिले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

करंजियात मातीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. शाळा निघाली, दवाखाना निघाला, कुष्ठरोग्यांसाठी निवारा झाला. गोंड आणि बैगा यांच्या शेजारी राहता राहता एल्विन यांना उमगले, की या लोकांना शिकविण्याआधी त्यांच्यापासून शिकले पाहिजे. त्यांची गाणी, कथा, शेतीच्या रीती, देवदेवता आणि दुःखे त्यांनी टिपून ठेवली. बैगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी बस्तर आणि ओरिसाची अरण्येही पायाखाली घातली. त्यांची काही मते गांधीजींच्या अनुयायांना पटली नाहीत. जेथे कापूस पिकत नाही तेथे सूतकताईचा आग्रह कशाला, असे ते विचारीत.

सन १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. कितीतरी इंग्रज आपले सामान बांधून मायदेशी परतले. एल्विन येथेच राहिले, आणि १९५४ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. तेव्हा ते एक्कावन्न-बावन्न वर्षांचे होते.

भारतात भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाला नागरिक होण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही, की कोणापुढे शपथ घ्यावी लागत नाही. परक्या देशातून आलेल्या मनुष्याला मात्र विचारपूर्वक हा निर्णय घ्यावा लागतो. एल्विन यांच्यानंतर एका वर्षाने, म्हणजे १९५५ मध्ये, आपल्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. अर्ज करून नागरिक होणाऱ्याने कोणती शपथ घ्यावी, हे त्यात सांगितले आहे. भारताच्या संविधानावर खरी श्रद्धा व निष्ठा ठेवीन, येथील कायदे पाळीन आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडीन, असा तिचा आशय आहे. तीत कोणा राजाचे नाव नाही, कोणा एका धर्माचे वा जातीचे नाव नाही. एल्विन यांनी बावीस वर्षांपूर्वी जी शपथ नाकारली होती, तिच्याशी ही ताडून पाहावी.

त्याच वर्षी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या सरकारने त्यांच्यावर मोठी जबाबदारी टाकली. ईशान्य सीमा प्रदेश, म्हणजे आजचे अरुणाचल प्रदेश, हा भाग तिबेटच्या सीमेला लागून आहे. तेथील आदिवासींविषयी सरकारला सल्ला देण्याचे काम त्यांच्याकडे आले. अशा नाजूक सीमेवर परदेशी मनुष्य सहसा कोणी नेमीत नाही. एल्विन आता परदेशी नव्हते. डोंगर चढत, नद्या ओलांडत, दिवसचे दिवस पायी चालत ते गावोगाव हिंडले. या लोकांवर बाहेरच्या रीतीभाती लादू नयेत, त्यांची जमीन व अरण्य त्यांच्याकडेच राहावे, अधिकाऱ्यांनी त्यांच्यात मोठेपणा मिरवू नये, असे ते आग्रहाने सांगत. हे विचार त्यांनी १९५७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

२२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे घर शिलाँगला होते. तेथे नेऊन बौद्ध पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार भारतीय लेखकांसाठी असतो.